डिस्क वाढवली, तरी आत जागा तेवढीच: व्हर्च्युअल मशीनमध्ये जागा कुठे अडते आणि ती कशी सोडवायची

व्हर्च्युअलबॉक्स या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये डिस्क ३० ची ६० जीबी केली, मशीन चालू केलं, आत डीएफ (मोकळी जागा दाखवणारी कमांड) मारलं, तर आकडा जुनाच. मग ८० करून पाहिली, तरी तोच. इथे थांबा. एकदा वाढवलेली डिस्क परत लहान करायची सोय व्हर्च्युअलबॉक्समध्ये नाही, आणि बहुतेक वेळा दोष आकड्यात नसतोच. जागा मिळालेली असते, ती मध्ये कुठेतरी अडलेली असते.

जागा थराथराने वर येते. सगळ्यात खाली होस्टवरची, म्हणजे तुमच्या खऱ्या संगणकावरची, डिस्कची फाइल. तिच्या आत पार्टिशन. उबंटू सर्व्हर किंवा रॉकी (दोन्ही लिनक्सचे प्रकार) असेल तर त्यावर एलव्हीएम, म्हणजे पार्टिशनची जागा एका व्हॉल्यूम ग्रुपमध्ये घेऊन तिचे लॉजिकल व्हॉल्यूम पाडणारा थर. आणि सगळ्यात वर फाइल सिस्टीम, जिचा आकडा डीएफमध्ये दिसतो. खालचा थर वाढला म्हणून वरचा आपोआप वाढत नाही. प्रत्येकाला वेगळं सांगावं लागतं, आणि तेही खालून वर याच क्रमाने. अपवाद क्लाउड इमेजचा, म्हणजे आधीच इन्स्टॉल करून मिळणाऱ्या डिस्कचा: तिथे क्लाउड-इनिट हा प्रोग्रॅम बूट होताना मूळ पार्टिशन स्वतःच वाढवतं. आयएसओवरून (इन्स्टॉलेशनच्या डीव्हीडीची फाइल) हाताने इन्स्टॉल केलेल्या मशीनमध्ये तसं काही होत नाही.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमनमध्ये टाकायच्या. स्पेस, डॅश आणि स्लॅश मात्र दिसतात तसेच ठेवा. अर्ध्या चुका स्पेसच्याच असतात.

आधी बघा, मग हात लावा

लिनक्स गेस्टमध्ये, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या आतल्या लिनक्समध्ये, एलएसबीएलके ही एकच कमांड सगळे थर दाखवते. उबंटू सर्व्हरवर बऱ्याचदा असं चित्र दिसतं:

एसडीए ६०जी डिस्क
├ एसडीए१ १एम
├ एसडीए२ २जी /बूट
└ एसडीए३ ५८जी
　└ उबंटू--व्हीजी-उबंटू--एलव्ही २९जी /

हे वरून खाली वाचा. पहिल्याच ओळीत एसडीए जुन्या आकाराची असेल तर अडचण होस्टवर आहे आणि आत कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. एसडीए नवी पण एसडीए३ जुनी, तर पार्टिशन अडलंय. एसडीए३ नवी पण खालची एलव्हीएमची ओळ लहान, तर लॉजिकल व्हॉल्यूम. आणि सगळे आकडे नवे, फक्त डीएफमधला जुना, तर फाइल सिस्टीम. जिथे आकडा बदलायचा थांबलाय तिथूनच पुढे काम करायचं.

वरच्या चित्रात मजा अशी आहे की डिस्क वाढवायची गरजच नव्हती. उबंटू सर्व्हरचा इन्स्टॉलर एलव्हीएम निवडल्यावर सगळी जागा मूळ व्हॉल्यूमला देत नाही. व्हॉल्यूम ग्रुप २० ते २०० जीबीच्या मध्ये असेल तर निम्मीच देतो, १० ते २० मध्ये असेल तर १० जीबी, आणि २०० च्या वर असेल तर १०० जीबी. उरलेली जागा पुढे स्नॅपशॉटसाठी (त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) किंवा दुसऱ्या व्हॉल्यूमसाठी राखून ठेवलेली असते. म्हणून ६० ची डिस्क देऊनही आत २९ दिसतात आणि माणूस वैतागून होस्टवर जाऊन १२० करतो. ‘सुडो व्हीजीएस’ मारा. शेवटच्या व्हीफ्री रकान्यात २९जी दिसलं तर काम एका ओळीचं आहे:

सुडो एलव्हीएक्स्टेंड -आर -एल +१००%फ्री /डेव्ह/उबंटू-व्हीजी/उबंटू-एलव्ही

इथला एल छोट्या लिपीतला. मोठा एल दिला तर पुढे टक्के नाही, जीबीतला आकडा द्यावा लागतो. छोटा आर विसरू नका, त्याच्यामुळे वरची फाइल सिस्टीमही त्याच झटक्यात वाढते. मशीन बंद करायची गरज नाही, रीबूटही नको. स्नॅपशॉट किंवा वेगळा व्हॉल्यूम पुढे लागेल असं वाटत असेल तर शंभर टक्के न देता +१५जी असं द्या. त्यासाठी मोठा एल.

होस्टवर अडलंय: बहुतेक वेळा स्नॅपशॉट

एसडीए जुन्याच आकाराची दिसते आणि होस्टवर तर नवा आकडा दिसतोय. अशा दहापैकी आठ वेळा मागे स्नॅपशॉट असतो, हा अंदाज धरून चालायला हरकत नाही.

स्नॅपशॉट घेतला की मूळ व्हीडीआय फाइल (व्हर्च्युअलबॉक्सची डिस्कची फाइल) गोठते आणि त्यानंतरचं सगळं लिखाण स्नॅपशॉट्स फोल्डरमधल्या, कंसात लांबलचक क्रमांक असलेल्या एका नव्या फाइलमध्ये जातं. मशीन त्या नव्या फाइलला जोडलेलं असतं. तुम्ही मीडिया मॅनेजरमध्ये मूळ फाइल वाढवता, पण मशीन बघतंय ते तिच्या मुलाकडे, आणि मुलाचा आकार जुनाच. मीडिया मॅनेजरमध्ये डिस्कच्या नावाशेजारी छोटा त्रिकोण असेल तर तो उघडा, खाली मुलं दिसतील.

उपाय दोन. पहिला, स्नॅपशॉट डिलीट करणे. शब्द घाबरवणारा आहे, पण डिलीट केल्याने मशीनची आजची स्थिती पुसली जात नाही. मधल्या काळातले बदल एकत्र जोडले जातात, फक्त मागे जायचा रस्ता बंद होतो. आजचं काम घालवणारं बटण ‘रिस्टोर’ आहे, त्याला हात लावू नका. एकत्र करताना होस्टवर निदान त्या मुलाच्या फाइलएवढी जागा मोकळी हवी. आणि हे काम मध्येच तुटलं तर फाइल बिघडू शकते, त्यामुळे यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर गुरुवारी सकाळी सुरू करू नका. पुण्यात देखभालीसाठी लाइट जायचा वार तोच. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून, स्लीप बंद करून बसा.

दुसरा उपाय जास्त सुरक्षित: मशीनवर राइट क्लिक, क्लोन, त्यात फुल क्लोन आणि करंट मशीन स्टेट. मिळतं ते एकाच फाइलचं, बिनस्नॅपशॉटचं मशीन. ते वाढवा, चालतंय याची खात्री करा, आठवडाभर जुनं तसंच ठेवा. तेवढी जागा लॅपटॉपवर नसेल तर तापकीर गल्लीतून आणलेली बाहेरची एसएसडीही चालते. फक्त ती एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेली असावी. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये पेनड्राइव्हवरून फिरणाऱ्या ओव्हीए फाइल (अख्खं मशीन एका फाइलमध्ये बांधलेलं) मध्येच ‘फाइल टू लार्ज’ म्हणून अडतात, त्याचं कारणही हेच.

बॅकअप म्हणून व्हीडीआय नुसती कॉपी-पेस्ट केलीत तर चालतं, पण ती कॉपी त्याच व्हर्च्युअलबॉक्सला जोडायला गेलात की ‘यूयूआयडी आधीच अस्तित्वात आहे’ अशा अर्थाची तक्रार येते. कॉपी केलेल्या फाइलचा आतला ओळखक्रमांक मूळचाच असतो. क्लोन केलेल्या डिस्कला नवा क्रमांक मिळतो, म्हणून क्लोनच बरा.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये प्रत्यक्ष वाढवताना

मशीन ‘पॉवर्ड ऑफ’ असायला हवं. ‘सेव्ह्ड’ अवस्थेतलं मशीन बंद दिसतं पण बंद नसतं; ते सुरू करून आतून नीट शटडाउन करा. आवृत्ती ५.२ पासून मीडिया मॅनेजरमध्ये डिस्क निवडली की प्रॉपर्टीजमध्ये आकाराची पट्टी मिळते. पट्टी ओढण्यापेक्षा शेजारच्या चौकोनात आकडा टाइप करा आणि अप्लाय दाबा. कमांडनेच करायचं असेल तर:

व्हीबॉक्समॅनेज मॉडिफायमीडियम डिस्क "फाइलचा पूर्ण पत्ता" --रिसाइझ ६१४४०

आकडा एमबीत असतो, जीबीत नाही. ६० जीबी म्हणजे ६०×१०२४, म्हणजे ६१४४०. नुसते ६० टाकले तर तुम्ही डिस्क ६० एमबीची करायला सांगताय असं ते समजतं आणि नकार देतं, नुकसान होत नाही. खरा धोका उलट्या बाजूला आहे: एक शून्य जास्त पडलं तर ६०० जीबीची डिस्क तयार होते, आणि लहान करता येत नाही. एंटर दाबण्याआधी अंक मोजा. फाइलच्या पत्त्यात ‘व्हर्च्युअलबॉक्स व्हीएम्स’ या फोल्डरच्या नावातच स्पेस आहे, म्हणून दुहेरी अवतरणचिन्हं हवीतच. विंडोज होस्टवर ‘अशी कमांड नाही’ असं आलं तर आधी प्रोग्रॅम फाइल्समधल्या ओरॅकलच्या फोल्डरमध्ये, त्याच्या आतल्या व्हर्च्युअलबॉक्स फोल्डरमध्ये सीडी करून जा.

व्हीएमडीके फाइलला (व्हीएमवेअरच्या पद्धतीची डिस्क फाइल) जुन्या आवृत्त्यांत ही कमांड लागू पडत नाही, ‘या फॉरमॅटसाठी अजून सोय नाही’ असं उत्तर येतं. कॉलेजकडून किंवा सीनियरकडून मिळालेली ओव्हीए इम्पोर्ट केली असेल तर आत बहुधा व्हीएमडीकेच असते. नव्या आवृत्तीत इम्पोर्टच्या वेळीच ‘हार्ड ड्राइव्ह व्हीडीआय म्हणून घ्या’ अशा अर्थाचा चौकोन असतो, तो टिक केलेला ठेवा. आधीच इम्पोर्ट झालं असेल तर ‘क्लोनमीडियम’ने व्हीडीआय बनवा, मशीनच्या स्टोरेज सेटिंगमध्ये जुनी डिस्क काढा आणि नवी त्याच कंट्रोलरच्या त्याच पोर्टवर लावा. पोर्ट बदलला तर बूटचा क्रम बिघडू शकतो. फिक्स्ड आकाराची व्हीडीआय असेल तरी हाच मार्ग: क्लोन करताना डायनॅमिक निवडा.

वाढवल्यावर होस्टवर फाइल ६० जीबीची दिसणार नाही, आधीएवढीच दिसेल. डायनॅमिक डिस्कमध्ये ६० ही कमाल मर्यादा. फाइल लिहू तशी फुगते. हे बिघडल्याचं लक्षण नाही.

बाकीच्या ठिकाणी थोडक्यात

व्हीएमवेअर वर्कस्टेशनमध्ये हार्ड डिस्कच्या पानावरचं ‘एक्स्पांड’ फिकट दिसत असेल तर कारण तीनपैकी एक: मशीन चालू किंवा सस्पेंड आहे, स्नॅपशॉट आहे, किंवा ते लिंक्ड क्लोन (मूळ मशीनच्या डिस्कवर अवलंबून असलेली प्रत) आहे.

हायपर-व्हीमध्ये स्नॅपशॉटला चेकपॉइंट म्हणतात आणि त्याची फाइल एव्हीएचडीएक्स असते. चेकपॉइंट डिलीट केल्यावर स्टेटस रकान्यात मर्ज चालू असल्याचं दिसतं; ते संपेपर्यंत डिस्कला हात लावू नका. चेकपॉइंट असताना मूळ व्हीएचडीएक्स परस्पर वाढवणं हा हमखास मशीन घालवायचा मार्ग आहे, कारण मूळ बदललं की मुलाची साखळी तुटते. एससीएसआय कंट्रोलरवरची व्हीएचडीएक्स सर्व्हर २०१२ आर२ पासून चालू मशीनवरही वाढवता येते. पण जनरेशन १ चं मशीन आयडीई डिस्कवरूनच बूट होतं, त्यामुळे त्याची बूट डिस्क वाढवायची तर मशीन बंद करावंच लागतं. जुनी व्हीएचडी असेल तर मर्यादा २०४० जीबी. व्हीएचडीएक्सला ६४ टीबी.

प्रॉक्समॉक्सची एकच गोष्ट सांगण्यासारखी, पण ती महागात पडणारी आहे. रिसाइझच्या खिडकीत विचारतात ती एकूण जागा नव्हे, किती वाढवायची ती. ३२ ची ६० करायची म्हणून ६० टाकले की ९२ होतात. आणि परत कमी करायचं बटण नाही.

केव्हीएमवर ‘व्हर्श डॉमबीएलकेलिस्ट’ने मशीन नेमकं कोणत्या फाइलला जोडलंय ते आधी बघा, बाहेरचा स्नॅपशॉट असेल तर उत्तर तिथेच मिळतं. मशीन बंद असेल तर ‘क्यूईएमयू-आयएमजी रिसाइझ’, चालू असेल तर ‘व्हर्श ब्लॉकरिसाइझ’. चालू मशीनच्या फाइलवर पहिली कमांड चालवू नका. नव्या आवृत्त्या फाइलला कुलूप लावून अडवतात. ते कुलूप जबरदस्तीने टाळायचा पर्याय शोधत बसू नका.

चालू मशीनवर डिस्क वाढवली आणि आतल्या लिनक्सला ते कळलं नसेल तर रूट होऊन:

इको १ > /सिस/क्लास/ब्लॉक/एसडीए/डिव्हाइस/रिस्कॅन

पार्टिशन अडलंय

एसडीए नवी, एसडीए३ जुनी. इथे ग्रोपार्ट वापरा. उबंटूवर ते क्लाउड-गेस्ट-युटिल्स या पॅकेजमध्ये मिळतं, रॉकीवर क्लाउड-युटिल्स-ग्रोपार्टमध्ये.

सुडो ग्रोपार्ट /डेव्ह/एसडीए ३

एसडीए आणि ३ यांच्यामध्ये स्पेस आहे, आणि ती हवीच. दोन्ही जोडून लिहिलं की कमांड गोंधळते. ‘चेंज्ड’ असं उत्तर आलं की काम झालं. एलव्हीएम असेल तर त्यानंतर

सुडो पीव्हीरिसाइझ /डेव्ह/एसडीए३

इथे मात्र स्पेस नाही. आणि मग वरची एलव्हीएक्स्टेंडची ओळ. एलव्हीएम नसेल तर थेट फाइल सिस्टीम: ईएक्सटी४ ला ‘रिसाइझ२एफएस’ आणि पार्टिशनचं नाव, एक्सएफएसला ‘एक्सएफएस_ग्रोएफएस’ आणि माउंट पॉइंट, म्हणजे मूळ डिस्कसाठी नुसता स्लॅश. रॉकीवर साधारणपणे एक्सएफएस असते. तिच्यावर रिसाइझ२एफएस चालवलं की ‘बॅड मॅजिक नंबर’ असा भयानक शब्दप्रयोग येतो आणि लोकांना वाटतं डिस्क गेली. काही गेलेलं नसतं, फक्त हत्यार चुकीचं उचललं. फाइल सिस्टीम कोणती ते ‘डीएफ -टी’ सांगतं, त्यातला टी मोठ्या लिपीतला. फेडोरा वर्कस्टेशनवर बीटीआरएफएस असेल तर ‘बीटीआरएफएस फाइलसिस्टीम रिसाइझ मॅक्स /’.

पार्टेड उघडल्यावर ‘सगळी जागा वापरलेली दिसत नाही, फिक्स की इग्नोर’ असं विचारलं तर फिक्स म्हणा. जीपीटी टेबलची (पार्टिशनच्या यादीची) एक प्रत डिस्कच्या अगदी शेवटी असते. डिस्क लांबली की ती प्रत मध्येच राहते, ती शेवटी हलवायची परवानगी मागतायत एवढंच. ग्रोपार्ट हे स्वतःच करतं.

उत्तर ‘नोचेंज’ आलं तर त्याचा अर्थ: या पार्टिशनच्या लगेच पुढे मोकळी जागा नाही. एक तर डिस्क खाली वाढलेलीच नाही, नाही तर मध्ये कोणीतरी बसलंय. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मागे दोन गाड्यांची जागा रिकामी, पण वाटेत एक बंद पडलेली स्कूटर, तसला प्रकार. जुन्या पद्धतीने इन्स्टॉल केलेल्या डेबियन-उबंटू मशीनमध्ये ही स्कूटर म्हणजे स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची जागा): एसडीए१ मूळ, एसडीए२ एक्स्टेंडेड, तिच्या पोटात एसडीए५ स्वॅप. मोकळी जागा एसडीए५ च्या पलीकडे.

स्वॅप काढून टाकणं सोपं आहे कारण त्यात जपण्यासारखं काही नसतं. ‘सुडो स्वॅपऑफ -ए’, मग एफडिस्कमध्ये आधी ५ आणि मग २ डिलीट, लिहून बाहेर या, ‘ग्रोपार्ट /डेव्ह/एसडीए १’, ‘रिसाइझ२एफएस /डेव्ह/एसडीए१’. स्वॅपसाठी आता पार्टिशनऐवजी फाइल करा; २ जीबी पुरते. ‘फॅलोकेट -एल २जी /स्वॅपफाइल’, मग ‘सीएचमॉड ६००’, ‘एमकेस्वॅप’, ‘स्वॅपऑन’.

इथवर सगळे करतात. पुढचं विसरतात आणि दुसऱ्या दिवशी मशीन बूट व्हायला दीड मिनिट घेतं, स्क्रीनवर ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग’ आणि पुढे मोजणी. ईटीसीमधल्या एफएसटॅब फाइलमध्ये जुन्या स्वॅपचा यूयूआयडी तसाच राहिलेला असतो आणि सिस्टीम नसलेल्या पार्टिशनची ९० सेकंद वाट बघत बसते. ती ओळ काढून तिथे स्वॅपफाइलची ओळ घाला. दुसरी जागा: ईटीसीमधल्या इनिटरॅमएफएस-टूल्समध्ये कॉन्फ.डी फोल्डरात रिझ्यूम नावाची फाइल. तिच्यात जुना यूयूआयडी असेल तर ‘रिझ्यूम=नन’ करा आणि ‘सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ चालवा.

डिस्क शंभर टक्के भरल्यावर

बहुतेक जण वाढवायला येतात तेव्हा डिस्क ठासून भरलेली असते, आणि तेव्हा ग्रोपार्टच ‘टेम्प फोल्डर बनवता येत नाही, जागा नाही’ म्हणून हात वर करतं. त्याला टेम्पमध्ये काही केबी हवे असतात. जागा वाढवायला जागा हवी. टेम्पवर थोडी रॅम माउंट करा:

सुडो माउंट -टी टीएमपीएफएस -ओ साइझ=१०एम टीएमपीएफएस /टीएमपी

काम झालं की अनमाउंट. किंवा ‘सुडो ॲप्ट क्लीन’ आणि ‘सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=२००एम’ यांनी काही शे एमबी लगेच सुटतात. एलव्हीएमलाही आपली नोंद ईटीसीमध्ये लिहायची असते, म्हणून तेवढी मोकळीक करूनच पुढे जा.

डीएफमध्ये आकार २९जी, वापर २८जी, शिल्लक शून्य. बेरीज जुळत नाही असं वाटतं. ईएक्सटी४ पाच टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते, ती शिल्लकमध्ये दाखवत नाही. आणि जागा भरपूर दिसत असूनही ‘नो स्पेस लेफ्ट’ येत असेल तर ‘डीएफ -आय’ बघा. आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणारी नोंद) संपले असतील, म्हणजे लाखो बारक्या फाइल कुठेतरी साचल्यात. तिथे आधी त्या फाइल शोधायच्या; नुसता आकार वाढवून खरं कारण तसंच राहतं.

विंडोज गेस्ट: एक्स्टेंड व्हॉल्यूम फिकट का

डिस्क मॅनेजमेंटमध्ये उजवीकडे काळ्या पट्टीची अनअलोकेटेड जागा दिसते, सी ड्राइव्हवर राइट क्लिक केलं तर एक्स्टेंड व्हॉल्यूम फिकट. इथली स्कूटर म्हणजे रिकव्हरी पार्टिशन. अलीकडचे विंडोज १० आणि ११ ते सी च्या लगेच पुढे, साधारण ५०० ते ७०० एमबीचं बनवतात. विंडोज फक्त शेजारची जागा जोडू शकतं, उडी मारून पलीकडची नाही.

डिस्क मॅनेजमेंट रिकव्हरी पार्टिशन पुसू देत नाही, म्हणून ॲडमिन कमांड प्रॉम्प्ट उघडा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर आधी सस्पेंड करा आणि रिकव्हरी की मशीनच्या बाहेर लिहून ठेवा. मग ‘रिएजंटसी /इन्फो’ चालवून रिकव्हरी कोणत्या पार्टिशनवर आहे तो क्रमांक टिपा, आणि ‘रिएजंटसी /डिसेबल’. याने रिकव्हरीची विनआरई.विम फाइल सी ड्राइव्हवर विंडोज, सिस्टम३२, रिकव्हरी या फोल्डरात परत येते. ती लपलेली असते, म्हणून तिथे जाऊन ‘डीआयआर /ए’ करा आणि डोळ्यांनी बघा. दिसली नाही तर पुढे जाऊ नका. पार्टिशन पुसल्यावर ती आणायची कुठून हा प्रश्न पडेल.

आता डिस्कपार्ट: सिलेक्ट डिस्क ०, लिस्ट पार्टिशन, मग टिपलेला क्रमांक, समजा सिलेक्ट पार्टिशन ४. डिलीट करण्याआधी ‘डिटेल पार्टिशन’ मारा. टाइपसमोर एक लांब क्रमांक आणि ॲट्रिबसमोर दुसरा दिसेल. दोन्ही नोटपॅडमध्ये कॉपी करून ठेवा, नवं पार्टिशन बनवताना हेच लागतात आणि कुठून शोधून आणायची गरज राहत नाही. मग ‘डिलीट पार्टिशन ओव्हरराइड’. ओव्हरराइड शब्दाशिवाय ते पुसलं जात नाही.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये परत या, ॲक्शनमधून रिस्कॅन करा, एक्स्टेंड व्हॉल्यूम आता ठळक असेल. समोर आलेल्या आकड्यातून १०२४ वजा करून तेवढंच वाढवा, शेवटी १ जीबी सोडा. एवढी कशाला? जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० साठी आलेलं केबी५०३४४४१ हे अपडेट ०एक्स८००७०६४३ हा एरर देऊन असंख्य मशीनवर अडलं, कारण रिकव्हरी पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी नव्हती. एकदा हात घातलाच आहे तर ऐसपैस ठेवा.

उरलेल्या १ जीबीवर डिस्कपार्टनेच ‘क्रिएट पार्टिशन प्रायमरी’, ‘फॉरमॅट क्विक एफएस=एनटीएफएस’, मग ‘सेट आयडी=’ पुढे नोटपॅडमधला टाइप आणि ‘जीपीटी ॲट्रिब्यूट्स=’ पुढे ॲट्रिबचा आकडा. डिस्क एमबीआर (पार्टिशन टेबलची जुनी पद्धत) असेल तर आयडी नुसता २७, ॲट्रिब्यूट्स लागत नाहीत. शेवटी ‘रिएजंटसी /एनेबल’ आणि परत ‘/इन्फो’. एनेबल्ड दिसलं पाहिजे.

हे सगळं टाळून रिकव्हरी पुसून मोकळे होणारेही आहेत. लॅबमधल्या, बिघडलं तर पुन्हा बनवता येणाऱ्या मशीनवर ते चालून जातं. हिंजवडीतल्या ऑफिसच्या मशीनवर तसं करू नका, पुढचा अपडेट अडला की तिकीट तुमच्याच नावावर येणार. जीपार्टेडच्या लाइव्ह आयएसओवरून रिकव्हरी नुसती उजवीकडे सरकवताही येते, पण त्याआधीही रिएजंटसी डिसेबल आणि नंतर एनेबल हवंच, नाही तर विंडोज जुन्याच ठिकाणी शोधत राहतं.

महिन्याभरात परत भरली तर

वाढवलेले ३० जीबी महिन्यात संपत असतील तर चौथ्यांदा वाढवण्याआधी काय खातंय ते बघा. ‘सुडो डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=१ /’ पासून सुरू करून मोठ्या फोल्डरात उतरत जा. डेव्हलपरच्या मशीनवर बहुतेक वेळा व्हार-लिबमधलं डॉकर असतं. ‘डॉकर सिस्टम डीएफ’ हिशोब देतं, ‘डॉकर सिस्टम प्रून’ न लागणारं काढतं. मोठी लॉग फाइल आरएमने उडवूनही जागा सुटली नाही, तर ती फाइल अजून एखाद्या प्रोसेसने उघडी धरलेली आहे. ‘सुडो एलएसओएफ +एल१’ मध्ये ती सापडते, सर्व्हिस रीस्टार्ट केली की जागा परत येते. विंडोजवर हायबरनेशन बंद केलं, म्हणजे ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’, की काही जीबी सुटतात. व्हर्च्युअल मशीनला हायबरनेट लागत नाहीच.

डेटाबेस किंवा डॉकरचा साठा खरोखरच वाढता असेल तर मूळ डिस्क ताणण्यापेक्षा दुसरी व्हर्च्युअल डिस्क जोडा आणि तिच्यावर पार्टिशन टेबल न बनवता सरळ पीव्हीक्रिएट करा. पुढच्या वेळी होस्टवर डिस्क वाढवली की पीव्हीरिसाइझ आणि एलव्हीएक्स्टेंड, संपलं. मध्ये बसायला कोणी नाही.

आणि होस्टकडे लक्ष ठेवा. २५६ जीबीच्या लॅपटॉपवर प्रत्येकी १०० जीबीची तीन डायनॅमिक मशीन बनवता येतात, तक्रार कोणी करत नाही. ज्या दिवशी ती खरोखर भरतात त्या दिवशी होस्टची डिस्क संपते आणि मशीन मध्येच ‘पॉज्ड’ होतं. ते हँग झालंय समजून रीसेट करू नका, लिहायचं राहिलेलं अर्धवट जातं. होस्टवर आधी डाउनलोड्समधल्या जुन्या आयएसओ काढा, पाच-दहा जीबी मोकळे करा, आणि मग मशीन रिझ्यूम करा. जिथे थांबलं होतं तिथूनच ते पुढे चालू लागतं.